फाटक कोणतं होतं?

नाशिकमध्ये निवृत्त माणसाची ओळख करून देताना नावाच्या पाठोपाठ कंपनी येते. 'हे प्रेसमधले.' 'हे मायकोतून रिटायर झाले.' 'यांचे वडील ओझरला एचएएलला होते.' मायकोचं नाव बॉश होऊन बरीच वर्षं झाली, पण चौक आजही मायको सर्कल आणि माणसं आजही मायकोवाली. ऐकणाऱ्याला त्या एका शब्दातून पुष्कळ कळतं. घर नाशिकरोडला असेल की सिडकोत, मुलीच्या लग्नाला पतपेढीचं कर्ज निघालं असेल की सावकाराचं, आणि मुख्य म्हणजे दर महिन्याला खात्यात किती जमा होत असेल. सत्तरीतली मिळकत तिशीतच ठरून गेलेली असते. सकाळच्या भोंग्याला माणूस कोणत्या फाटकातून आत जात होता आणि आत गेल्यावर त्याचं नाव कोणत्या हजेरीपटावर लागत होतं, यावर ती ठरते. नाशिक जिल्ह्यात अशी चार-पाच वेगवेगळी फाटकं एका तासाच्या अंतरात सापडतात. आणि फाटकच नसलेली माणसं त्याहून जास्त सापडतात.

आधी थोडे आकडे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटी ४० लाखांच्या आसपास होती. महाराष्ट्रात दर शंभरात दहा. २०५० पर्यंत देशात दर पाचातला एक माणूस साठीपुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अंदाज आहे. महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुलांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १.७ वर आलं, म्हणजे सांभाळणारे हात कमी होत चालले आहेत. हे सगळं आता वर्तमानपत्रातही येतं. त्यात सांगितलं जात नाही ते एवढंच, की 'ज्येष्ठ नागरिक' नावाचा एकजिनसी गट कुठेच नाही. वयसुद्धा एक नाही. कारखान्याच्या पेन्शनसाठी माणूस ५८ व्या वर्षी म्हातारा होतो, केंद्र सरकारच्या नोकरीत आणि राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणात ६० व्या वर्षी, श्रावणबाळ योजनेत ६५ व्या, आयुष्मान कार्डासाठी ७० व्या आणि एसटीच्या मोफत प्रवासासाठी ७५ व्या. जर्मनीत बिस्मार्कनं १८८९ मध्ये जगातली पहिली मोठी वृद्धापकाळ पेन्शन आणली तेव्हा तिचं वय ७० ठेवलं होतं; ६५ व्हायला १९१६ उजाडलं. वयाची रेघ तिजोरीकडे बघून ओढायची, ही पद्धत तिथपासूनची.

नाशिकरोडचं प्रेस हे या जिल्ह्यातलं सर्वांत भक्कम फाटक. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची आणि तिला लागूनच १९२८ ची करन्सी नोट प्रेस. टपाल तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट आणि नोटा इथे छापल्या जातात. २००६ मध्ये दोन्हींचा कारभार एका सरकारी महामंडळाकडे गेला, पण त्याआधी सरकारी सेवेत लागलेल्या कामगाराचं पेन्शन सरकारी नियमानंच चालू राहिलं. हे पेन्शन कसं चालतं ते नीट पाहायला हवं, कारण पुढच्या सगळ्या फाटकांवर काय कमी आहे ते त्यावरून कळतं. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं पेन्शन. त्यावर वर्षातून दोनदा वाढणारा महागाई भत्ता. माणूस गेला तर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. आणि वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनमध्ये २० टक्क्यांची भर, ८५ ला ३०, ९० ला ४०, शंभरी गाठली तर दुप्पट. म्हणजे वय वाढेल तसा औषधपाण्याचा आणि सोबतीच्या माणसाचा खर्च वाढतो, हे सरकारला ठाऊक आहे. स्वतःच्या नोकरांपुरतं ठाऊक आहे, इतकंच. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या सेवेत लागलेल्यांसाठी हेही फाटक अरुंद झालं आणि नवी अंशदायी पेन्शन आली. तरीही नाशिकरोडच्या जुन्या वसाहतींत आजोबांच्या पेन्शनवर नातवाच्या क्लासची फी भरली जाते ती या जुन्या नियमांच्या जोरावर.

तिथून सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती काही किलोमीटरवर. सातपूरच्या वसाहतीनं नाशिकचं तीर्थक्षेत्राचं रूप बदलून टाकलं. मायको, महिंद्र, सिएट, क्रॉम्प्टन ही नावं घराघरांत आली. तेव्हा 'पर्मनंट' झालेला कामगार म्हणजे लग्नाच्या बाजारातला पहिल्या नंबरचा मुलगा. पगार चांगला, बोनस चांगला, युनियन जोरात. आज तेच लोक सत्तरीत आहेत आणि त्यांच्यातले कित्येक जण महिन्याला दीड-दोन हजारांच्या पेन्शनवर आहेत. असं कसं झालं?

उत्तर एका सूत्रात आहे. खासगी कारखान्यातल्या कामगारासाठी कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. कामगारांच्या बोलण्यात ती 'ईपीएस ९५'. मालक भविष्य निर्वाह निधीत जे १२ टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्के या पेन्शनच्या खात्यात वळतात, सरकार १.१६ टक्के घालतं. पेन्शन काढताना पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. वरवर पाहता ठीकच आहे. मेख 'पगार' या शब्दाखाली पुरलेली आहे. पगार कितीही असला तरी हिशेबात धरायचा तो कमाल मर्यादेइतकाच. ती मर्यादा सुरुवातीला ५,००० होती, २००१ मध्ये ६,५०० झाली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये १५,०००. आता २०१३ च्या अखेरीस निवृत्त झालेला, खरा पगार तीस हजारांवर गेलेला कामगार घ्या. योजना सुरू झाल्यापासून त्याची १८ वर्षं भरली. ६,५०० गुणिले १८ भागिले ७०: १,६७१ रुपये. त्याआधीच्या सेवेपोटी थोडी भर पडते, पण ती भर पाहून कोणी पेढे वाटत नाही. आणि हा आकडा गोठलेला. यावर महागाई भत्ता नाही. २०१३ चे १,६७१ आजही १,६७१. ज्यांचं पेन्शन हजाराच्याही खाली होतं त्यांना २०१४ पासून किमान १,००० रुपयांचा आधार मिळाला. तोही तेव्हापासून तिथेच आहे. पूर्ण ३५ वर्षं भरलेल्या, १५,००० च्या मर्यादेतल्या माणसालासुद्धा ७,५०० च्या वर जाता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२२ चा निकाल आला तेव्हा या मंडळींच्या आशा उंचावल्या होत्या. खऱ्या पगारावर वाढीव पेन्शनचा पर्याय पुन्हा खुला झाला; पण १ सप्टेंबर २०१४ पूर्वी, पर्याय न देता निवृत्त झालेले त्यातून वगळले गेले. म्हणजे सगळ्यात जुने आणि सगळ्यात कमी पेन्शनवाले बाहेरच राहिले. किमान ७,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि पती-पत्नीला वैद्यकीय सुविधा ही मागणी घेऊन कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली २०१८ पासून बुलढाण्यात साखळी उपोषण चालवलं गेलं, दिल्लीत मोर्चे निघाले. त्या मोर्च्यांतले चेहरे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. ही माणसं आयुष्यभर संघटित क्षेत्रातली म्हणून मोजली गेली. सर्वेक्षणाच्या रकान्यात ती 'पेन्शनधारक' आहेत. नीती आयोगानं २०२४ मध्ये देशातल्या ७८ टक्के वृद्धांना कसलंच पेन्शन नसल्याचं म्हटलं. १,६७१ वाला मात्र उरलेल्या भाग्यवान २२ टक्क्यांत धरला जातो.

मग हा माणूस करतो काय? संध्याकाळी गंगापूर रोड किंवा इंदिरानगरमधल्या कोणत्याही नव्या इमारतीच्या दाराशी पाहावं. प्लास्टिकची खुर्ची, हातात वहीचं रजिस्टर, निळा शर्ट, पायात स्पोर्ट्स शू. गाडीचा हॉर्न दोनदा वाजवावा लागतो, कारण मशीन शॉपच्या धडधडाटात तीस वर्षं गेली आणि वरच्या पट्टीतलं ऐकणं तिथेच संपलं. रात्रपाळी बारा तासांची. मोटर चालू-बंद करायची, पाण्याचा टँकर आला की सही करायची, कुरिअर ठेवून घ्यायचं. ज्यानं लेथवर शतांश मिलिमीटरची मापं सांभाळली, त्याला आता बिल्डिंगमधली शाळकरी पोरं 'वॉचमन काका' म्हणतात. भारतातल्या वृद्धांचं सर्वांत मोठं सर्वेक्षण, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये केलेलं, असं सांगतं की साठीपुढच्या पुरुषांपैकी सुमारे निम्मे अजून काम करतात. पाश्चात्त्य देशांत म्हाताऱ्यांनी कामात राहावं म्हणून सरकारं योजना आखतात. आपल्याकडे तो प्रश्नच उलटा आहे: थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही.

एक गोष्ट मात्र या फाटकावर चांगली आहे आणि ती फार जणांना माहीत नसते. राज्य कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानानं निवृत्त झालेल्या कामगाराला महिना १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये एकदम भरून, स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. सातपूरला या योजनेचं रुग्णालय आहे. अडचण एवढीच की चांगल्या कंपन्यांतल्या कायम कामगारांचे पगार मध्येच कधीतरी विम्याच्या मर्यादेबाहेर गेले आणि ते योजनेतून बाहेर पडले. जास्त पगार मिळाल्याची शिक्षा म्हातारपणी भोगावी लागल्याचं हे एक विचित्र उदाहरण.

सिन्नरला पोचलं की फाटक दिसेनासं होतं, पण हजेरी असते. सिन्नर हे विड्यांचं गाव. इथली विडी कारखान्यात कमी आणि घराच्या ओट्यावर जास्त वळली जाते, आणि वळणाऱ्या बहुतेक बायकाच. सूप मांडीवर. रात्री भिजवून ठेवलेलं तेंदूपान पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायचं, शिरा काढायच्या, चिमूटभर जर्दा पसरायचा, अंगठा आणि तर्जनीनं वळायचं, तोंड नखानं मुडपायचं, दोरा बांधायचा. हात चालू असताना बोलणंही चालू असतं. नजर सुपात नसते. हजार विड्यांचा हिशेब. संध्याकाळी माल घेऊन गेलं की त्यातला काही 'छाट' म्हणून बाजूला पडतो आणि त्याचे पैसे बुडतात. चाळीस वर्षं मान खाली घालून बसल्यावर मानेचे मणके आणि गुडघे बोलू लागतात. तंबाखूची धूळ छातीत जाते ती वेगळीच.

तरीही विडीवालीला कायद्यानं काही मिळवून दिलं आहे, आणि ते फुकट मिळालेलं नाही. १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा, १९७६ चा कल्याण निधी, १९७७ पासून भविष्य निर्वाह निधी. घरी बसून काम करणारी बाई 'कामगार' कशी, असा मालकांचा सवाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ मध्ये न्यायालयानं घरखेप कामगारही निधीच्या कक्षेत येतात असं ठरवलं. माझ्या मते या देशातल्या घरबसल्या काम करणाऱ्या बायकांसाठी हा फार मोठा निकाल होता, आणि शिवणकाम, पापड, अगरबत्ती अशा इतर घरकामांपर्यंत तो पोचला नाही हे दुर्दैव. आज सिन्नरमधल्या म्हाताऱ्या विडीवाल्यांच्या हाती हजाराच्या आसपास पेन्शन येतं. रक्कम हसण्यासारखी आहे, पण ते तिच्या नावचं असतं, मुलाच्या नाही. कल्याण निधीचा आधार असलेला विडीवरचा उपकर २०१७ मध्ये जीएसटीबरोबर रद्द झाला, हे त्याच गोष्टीचं दुसरं टोक.

लासलगावच्या कांदा बाजारातल्या हमालाचं फाटक आणखी वेगळं. ट्रॅक्टर कुणाचा तर शेतकऱ्याचा, माल घेणार व्यापारी, जागा बाजार समितीची. हमालाचा मालक कोण? शंभर मालक म्हणजे एकही नाही. मुंबईच्या गोद्यांत हाच प्रश्न अण्णासाहेब पाटील यांनी हाताशी धरला आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी आहे. मालक शोधत बसायचं नाही. मंडळ नेमायचं, हमालाची नोंद मंडळाकडे, मजुरीही मंडळामार्फत, आणि माल उचलून घेणाऱ्यानं मजुरीवर ठरावीक टक्के 'लेव्ही' भरायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, औषधोपचार. गिग कामगारांना सामाजिक सुरक्षा कशी द्यावी यावर आता जगभर परिषदा भरतात. त्याचं एक उत्तर महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. उत्तर कागदावर चालतं तितकं बाजारात चालतं असं नाही. एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाईच्या कपातीवरून आणि लेव्हीवरून व्यापारी आणि माथाडी कामगारांचा वाद पेटला आणि नाशिक जिल्ह्यातले कांदा लिलाव बरेच दिवस ठप्प झाले. बातम्यांत भाव आला, शेतकऱ्याचं नुकसान आलं, ते यायलाच हवं. पण वाद ज्यावरून होता ती लेव्ही म्हणजे हमालाचं म्हातारपण होतं, हे फार कुणी लिहिलं नाही.

आता फाटक नसलेले.

नाशिक जिल्ह्याची चौथाई लोकसंख्या आदिवासी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर भात, नागली, वरई पावसावर निघते आणि दिवाळीच्या आगेमागे टोळ्या खाली उतरतात. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांत. ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावणं, विरळणी, घड बुडवणं, शेवटी खुडा. एकरावर उक्तं काम, टोळीचा मुकादम वेगळा. विरळणीला लवचीक बोटं लागतात, हात वर करून दिवसभर उभं राहावं लागतं. पन्नाशी उलटली की बाई निंदणीवर आणि पालापाचोळा गोळा करण्यावर येते, तिथून पाड्यावर. या सगळ्या वर्षांची हजेरी मुकादमाच्या वहीत असते, आणि वही हंगाम संपला की संपते. वीस हंगाम केले तरी निवृत्तीच्या दृष्टीनं तिनं एक दिवसही काम केलेलं नसतं. पाड्यावर ती रिकामी बसते असंही नाही. सून-मुलगा बागेत असताना नातवंडांना नागलीची भाकर, शाळा, ताप आला तर दवाखाना हे तिच्याच अंगावर. वृद्धांची काळजी कोण घेणार, असा प्रश्न शहरात विचारतात. पाड्यावर वृद्धच काळजी घेत असतात.

६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालेला किसान लाँग मार्च पुष्कळांना आठवत असेल. जवळपास १८० किलोमीटर चालून १२ मार्चला तो मुंबईच्या आझाद मैदानात पोचला. त्यातल्या म्हाताऱ्या आदिवासी बायकांच्या सोललेल्या तळव्यांची छायाचित्रं जगभर गेली. मागण्यांत वनजमिनीचे पट्टे पहिले होते, पण वृद्ध आणि निराधारांचं पेन्शन वाढवा हीही मागणी होती. तेव्हा ते महिना ६०० रुपये होतं. २०१९ मध्ये १,००० झालं, २०२३ मध्ये १,५००. यात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी २०० रुपये. तो २००७ पासून जागचा हललेला नाही.

१,५०० रुपये तरी सरळ मिळतात का? वृद्धांचं हे पेन्शन ज्या श्रावणबाळ योजनेतून मिळतं तिच्यासाठी वय ६५ हवं आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. हा आकडा जरा हातात घेऊन पाहावा. महिन्याला १,७५० रुपये, अख्ख्या कुटुंबाचे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होता. तेव्हाच्या हमीचे शंभर दिवस भरले की ३१,२०० होत. म्हणजे घरातल्या एका माणसानं सरकारनंच हमी दिलेलं काम सरकारच्याच दरानं पुरं केलं, तर घरातली म्हातारी सरकारच्या हिशेबानं श्रीमंत ठरते. त्यामुळे होतं असं की उत्पन्नाचा दाखला हा एक समजूतदार कागद बनतो. अर्जदाराला ठाऊक, तलाठ्याला ठाऊक, तहसीलला ठाऊक की २१,००० वर कुणाचं घर चालत नाही. सगळे मिळून तो आकडा लिहितात. हक्क म्हणून जे मिळायचं ते मेहेरबानी म्हणून मिळतं, आणि मेहेरबानी करणारा ती काढूनही घेऊ शकतो.

यातली खरी गंमत २०२४ नंतर झाली. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजना आली: २१ ते ६५ वयाच्या बाईला महिना १,५०० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. आता दोन लाख उत्पन्नाच्या घरातली ६४ वर्षांची बाई घ्या. तिला १,५०० मिळतात. तिची ६५ वर्षं पूर्ण झाली की ती या योजनेतून बाहेर. पुढची पायरी श्रावणबाळ, रक्कम तीच १,५००, पण दारावर अट २१,००० ची. हात चालत होते तोवर तिला मदत होती. हात थकले तेव्हा ती अपात्र झाली. दोन्ही योजना एकाच मंत्रालयाच्या इमारतीतून निघतात.

शेजारच्या नेपाळनं हा गुंता टाळला. तिथे वृद्धभत्ता नव्वदच्या दशकाच्या मध्याला ७५ वर्षांवरच्यांसाठी महिना १०० नेपाळी रुपयांनी सुरू झाला. उत्पन्न तपासायचं नाही, वय तपासायचं. हळूहळू रक्कम वाढत ४,००० वर गेली, वय ६८ वर आलं. आपल्या चलनात ते अडीच हजार होतात. नेपाळ आपल्यापेक्षा गरीब देश आहे.

वय तपासणंही आपल्याकडे सोपं नाही म्हणा. पाड्यावरच्या म्हातारीकडे शाळा सोडल्याचा दाखला नसतो कारण शाळाच नव्हती. तिचं वय आधारच्या शिबिरात ठरलं. मशीनवरच्या पोरानं 'आजी, वय किती?' विचारलं, ती म्हणाली 'असंल पन्नास', त्यानं वर्ष टाकलं. कितीतरी कार्डांवर जन्मतारीख १ जानेवारी असते ती अशी. जुन्या माणसांचं वय दुष्काळावरून काढतात: बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते तेव्हा थोरला पाठीवर होता. त्या हिशेबानं सत्तरी आलेली बाई कार्डावर बासष्टची निघते आणि श्रावणबाळ तीन वर्षं लांब जातं, एसटीचा मोफत प्रवास तेरा वर्षं.

एसटीचा हा प्रवास हलक्यात घेऊ नये. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना तो मोफत झाला, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट आहे. शहरातल्यांनी त्याची टिंगल केली, देवदर्शनाच्या सहली म्हणून. मला ती गेल्या काही वर्षांतली सर्वांत उपयोगी आरोग्य योजना वाटते. सुरगाण्याहून नाशिकच्या सिव्हिलला यायचं, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या, मोतिबिंदूची तारीख काढायची, तर तिकीट हाच पहिला अडसर असतो. मोठे उपचार आता कार्डावर होतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये दुसऱ्या नावानं सुरू झाली आणि आता शिधापत्रिकाधारकांना पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, केंद्राचं आयुष्मान कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. हृदयाला स्टेंट बसतो, तोही खरंच बसतो. पण या योजना माणूस खाटेवर पडल्यावर जाग्या होतात. म्हातारपणाचा रोजचा खर्च म्हणजे साखरेची गोळी, दाबाची गोळी, चष्म्याचा नंबर, दात, गुडघ्यासाठी मालीश आणि शौचाला हात धरून नेणारं कुणीतरी. यातलं एकही काम भरती झाल्याशिवाय विम्यात बसत नाही. दीड हजाराच्या पेन्शनवाल्यानं महिन्याच्या शेवटी गोळी एक दिवसाआड केली, तर ते कुठल्या अहवालात येत नाही. पुढे अर्धांगवायू झाला की मात्र पाच लाखांचं कार्ड चालतं.

मुलांनी सांभाळावं, ही अपेक्षा कायद्यातही उतरली. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू आहे. प्रांताधिकाऱ्यापुढे साध्या कागदावर अर्ज करायचा, वकील लागत नाही, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. मुलाविरुद्ध तक्रार करायला फारसं कुणी धजत नाही. जी भांडणं येतात ती बहुधा घराची. भावकीच्या किंवा सुनेच्या आग्रहानं बक्षीसपत्र करून दिलं आणि मग जिन्याखालची खोली वाट्याला आली. कायद्याच्या कलम २३ नुसार सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत अट मोडल्यास परत घेता येते. अट लिहिलेली असायलाच हवी का, यावर न्यायालयांत मतभेद झाले; २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं अट दाखवून द्यावी लागेल असं म्हटलं, तर जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूनं उदारपणे लावायचा कल दाखवला. वाद नको असेल त्यानं बक्षीसपत्रात एक ओळ जास्त लिहावी: 'हयातीपर्यंत अन्न, वस्त्र, औषधोपचार व राहण्याची सोय करण्याच्या अटीवर.' मसुदा लिहिणारे ही ओळ आपण होऊन घालतीलच असं नाही.

ज्या मुलांनी सांभाळायचं, ती स्वतः कोणत्या फाटकातून आत जात आहेत? अंबडमध्ये किंवा सिन्नरच्या माळेगाव वसाहतीत शिफ्ट सुटताना उभं राहिलं तर गणवेश एकच दिसतो, पण गळ्यातल्या पट्ट्यांचे रंग वेगळे. कायम कामगार थोडे, बाकी ठेकेदाराचे. असंघटितांसाठी २०१९ मध्ये केंद्रानं श्रमयोगी मानधन योजना आणली. ६० व्या वर्षानंतर महिना ३,००० रुपये. प्रवेशाचं वय १८ ते ४०. तेव्हा चाळीशी ओलांडलेले सगळे दाराबाहेरच राहिले आणि त्या योजनेचं पहिलं पेन्शन निघेल २०३९ मध्ये. ठेकेदाराकडच्या पोरांना तिची गरज पडायला नको, कारण त्यांचा पीएफ कापला जातोच. पण ईपीएस ९५ चं पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते, आणि ठेका दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतो. ठेका संपला की पोरं एकत्र जातात, सायबर कॅफेत बसून पीएफ आणि पेन्शनची रक्कम काढून घेतात. त्यातून मोटारसायकलचे हप्ते सुटतात, किंवा बहिणीचं लग्न. खात्याबरोबर सेवेची वर्षंही पुसली जातात. पुढच्या फाटकावर मोजणी शून्यापासून. असं होत राहिलं की पस्तिशीचा माणूस बारा वर्षं काम करून पेन्शनच्या दृष्टीनं नवखाच असतो.

यावर सोपा उपाय आहे, तो कुणी सांगत नाही. पैसे न काढता सेवेची वर्षं जपून ठेवणारं 'स्कीम सर्टिफिकेट' मागता येतं, आणि पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडून मिळतात. दोन्हींसाठी फॉर्म एकच, १०सी. पैसे हवेत की सर्टिफिकेट, एवढी एक खूण त्यात करायची असते, आणि कॅफेवाला ती बहुतेकदा न विचारताच पैशांच्या चौकटीत करून टाकतो.